आधी हीटर घ्या, मग डॅशबोर्ड

या वीकेंडला भांडायचा मूड आहे, आधीच सांगून ठेवतो. 'इंडस्ट्री फोर पॉइंट झीरो' हा शब्द ऐकून ज्यांच्या अंगावर मूठभर मांस चढतं त्यांनी आज इथून पुढे न वाचलेलं बरं. 'आपल्या माणसाचा जुगाड' या विषयावर ज्यांचा ऊर भरून येतो त्यांनीही. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं असं की, ज्या कारखान्यात अजून घणाने ठोकून बेअरिंग बसवतात, त्या कारखान्याला व्हायब्रेशन सेन्सर, क्लाउड आणि रंगीबेरंगी डॅशबोर्ड विकणं ही लबाडी आहे. साधी नव्हे, पॉवरपॉइंट लावून केलेली लबाडी. आणि त्यात आमची आयटीवाल्यांची जमात सगळ्यात पुढे आहे.

'बेअरिंग' म्हटल्यावर तुमच्यापैकी निम्म्यांच्या डोळ्यांपुढे फिजेट स्पिनर आला असणार. नाही हो. मी बोलतोय ते साखर कारखान्यातल्या फायबरायझरवरच्या, बॉयलरच्या आयडी फॅनवरच्या रोलर बेअरिंगबद्दल. पोलादाच्या दोन कड्या, आतली शाफ्टवर घट्ट, बाहेरची हाऊसिंगमध्ये, आणि मध्ये पिंपाच्या आकाराचे रोलर. मोठं असलं तर वजन चाळीस-पन्नास किलो सहज. दोघांनी मिळूनही धड उचलता येत नाही.

ही वस्तू जन्माला कशी आली ते मजेशीर आहे. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा इंजिनिअर होता. गिरणीखालची जमीन चिकणमातीची, ती खचायची, शाफ्टच्या रेषा वाकायच्या आणि बेअरिंगं जायची. वैतागून त्याने १९०७ मध्ये असं बॉल बेअरिंग बनवलं की शाफ्ट थोडा तिरका झाला तरी ते सांभाळून घेईल. त्याच वर्षी एसकेएफ कंपनी उभी राहिली. पुढे १९१९ मध्ये त्याच कंपनीतल्या आर्विड पामग्रेनने तीच कल्पना पिंपासारख्या रोलरवर नेली. म्हणजे स्फेरिकल रोलर बेअरिंगचं मूळ एका मेंटेनन्सवाल्याच्या वैतागात आहे! आणि शंभर वर्षांनंतरही आपला मेंटेनन्सवाला वैतागलेलाच आहे, पण कारण वेगळं आहे. चिंचवडला बेअरिंगचा कारखाना साठच्या दशकापासून आहे. वस्तू मिळत नाही हा आपला प्रश्न कधीच नव्हता. बसवायची कशी, हा आहे.

थोडं गणित करू. घाबरू नका, स्प्रिंट प्लॅनिंगपेक्षा सोपं आहे. २२२२० के सी-३ हे नाव घ्या. शेवटचे दोन आकडे गुणिले पाच, म्हणजे भोक १०० मिलिमीटर. 'के' म्हणजे भोक सरळ नाही, निमुळतं आहे, बारास एक. 'सी-३' म्हणजे रोलर आणि कडी यांच्यातली मोकळी जागा नेहमीपेक्षा जास्त. नावातच सगळं डॉक्युमेंटेशन आहे. (आमच्या कोडबेसमधल्या व्हेरिएबलांना हे सुख नाही.) ही मोकळी जागा किती, तर ०.११ ते ०.१४ मिलिमीटर. हे बेअरिंग अॅडॅप्टर स्लीव्हवर चढवून नट आवळत गेलं की आतली कडी ताणली जाते आणि जागा कमी होते. ती ०.०४५ ते ०.०६ मिलिमीटरने कमी झाली पाहिजे. कमी आवळलं तर कडी स्लीव्हवर घसरते आणि शाफ्ट खाते. जास्त आवळलं तर जागाच उरत नाही, चालू झाल्यावर आतली कडी बाहेरचीपेक्षा जास्त तापते, फुगते, आणि रोलर अडकतात. मग एका रात्री जळलेल्या ग्रीसचा वास आणि चीफ इंजिनिअरचा फोन.

म्हणजे सगळा खेळ १५ मायक्रॉनच्या खिडकीत आहे. डोक्यावरचा केस त्याच्या चार-पाच पट जाड असतो. आणि हा खेळ आपण कशाने खेळतो? पाच किलोच्या घणाने.

मोजायचं कसं हेही काही रॉकेट सायन्स नाही. फिलर गेज नावाची पातळ पात्यांची जुडी असते, दुचाकीच्या गॅरेजमध्येसुद्धा दिसते. बेअरिंग टेबलावर उभं ठेवायचं, रोलर नीट बसावेत म्हणून दोन-चार वेळा फिरवायचं, आणि वरच्या रोलरपाशी पातं घालून बघायचं. शाफ्टवर चढवलं की बाहेरची कडी खाली लोंबते, तेव्हा खालच्या बाजूला मोजायचं. आधी ०.१२ निघालं, तर आवळून झाल्यावर ०.०६ ते ०.०७५ च्या दरम्यान यायला हवं. बस. पण हे पाच मिनिटांचं काम करायला फिटरकडे गेज हवं, गेज घालायला वेळ हवा, आणि आलेला आकडा लिहून ठेवायला एक कागद हवा. तिन्हीपैकी एकही गोष्ट मला बहुतेक ठिकाणी सापडलेली नाही. 'हाताला घट्ट लागलं म्हणजे झालं' हे माप मात्र सगळीकडे सापडतं.

सरळ भोकाच्या बेअरिंगची गोष्ट वेगळी. ते मुळातच शाफ्टपेक्षा काही मायक्रॉन लहान असतं, म्हणून गरम करून चढवायचं. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन फुगतं. १०० मिलिमीटरचं भोक ८० अंशांनी तापवा, ते ९६ मायक्रॉनने मोठं होतं. नेहमीच्या घट्ट फिटमध्ये बेअरिंग आणि शाफ्टमधला फरक फार तर पन्नास-पंचावन्न मायक्रॉन असतो. म्हणजे ११० अंशांवर नेलेलं बेअरिंग हातमोजे घालून नुसतं सरकवलं तर जातं. ठोकायची गरजच नाही! निसर्गाने फुकट दिलेली सोय आहे ही. फक्त सरकवल्यावर खांद्याला टेकवून ते पकड घेईपर्यंत दाबून धरायचं, कारण थंड होताना कडी रुंदीलाही आकसते आणि खांद्यापासून सुटते. आणि अर्ध्यात अडकलं तर बाहेर काढून पुन्हा तापवायचं. घण उचलायचा मोह नेमका याच क्षणी होतो.

तापवायला इंडक्शन हीटर असतो. ट्रान्सफॉर्मरच आहे तो, बेअरिंग म्हणजे त्याची एका वेढ्याची सेकंडरी. ज्वाळा नाही, तेल नाही, तापमानाचा काटा आतल्या कडीला चिकटवलेला, काम झालं की उरलेलं चुंबकत्वही काढून टाकतो. (पेसमेकरवाल्यांनी लांब राहायचं, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवायचं, एवढी काळजी.) लहान आकाराचा, देशी बनावटीचा हीटर एका बऱ्या लॅपटॉपच्या पैशांत येतो.

त्याऐवजी आपण काय करतो? गॅसकटिंगचा टॉर्च कडीवर फिरवतो. एका बाजूला निळं पडेपर्यंत तापलेलं, दुसऱ्या बाजूला कोमट. १२०-१२५ अंशांच्या वर गेलं की त्या पोलादाचं माप आणि कडकपणा दोन्हींचा भरवसा संपतो, आणि टॉर्चखाली ते किती गेलं हे देवालाच माहीत. किंवा जुन्या पिंपात तेल उकळवून त्यात बेअरिंग बुडवतो. वर धूर, खाली जाळ, शेजारी तेलाने माखलेलं कॉटन वेस्ट. हे मी स्वतः पाहिलंय, आणि शेजारच्या भिंतीवर 'सुरक्षा प्रथम' लिहिलेलं होतं हेही पाहिलंय.

आता घणाचं बघू. एक नियम आहे, तो एका ओळीत मावतो. जी कडी घट्ट बसवायची आहे, जोर त्याच कडीवर द्यायचा. आतली कडी शाफ्टवर चढवताना बाहेरच्या कडीवर मारलंत तर तो मार रोलरमधून आत जातो, आणि प्रत्येक रोलर जिथे टेकला आहे तिथे कडीवर खळगा पडतो. डोळ्यांना दिसणारही नाही इतका बारीक. मशीन चालू होतं, सगळे टाळ्या वाजवतात, नारळ फुटतो. आणि मग प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोलर त्या खळग्यांवरून उड्या मारत जातो. महिन्या-दोन महिन्यांनी तिथलं पोलाद सोलून निघायला लागतं.

आता आमचा सेन्सर काय करतो? तो ठकठक ऐकतो, तिची फ्रिक्वेन्सी काढतो, आणि चाळिसाव्या दिवशी डॅशबोर्डवर लाल दिवा लावून सांगतो, 'बाहेरच्या कडीत दोष.' वा! पहिल्या दिवशी दुपारी तीन वाजता घणाने जे केलं ते चाळीस दिवसांनी पुण्यातल्या एसी ऑफिसमध्ये कळलं. याला प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स म्हणतात. मी याला घणाचा प्रतिध्वनी म्हणतो. सेन्सर खोटं बोलत नाही, त्याचं काम तो चोख करतो. पण त्याच्या सांगण्यावरून जे नवं बेअरिंग येतं ते पुन्हा त्याच घणाने बसतं, आणि पुन्हा चाळीस दिवसांनी लाल दिवा. आमच्या प्रेझेंटेशनमध्ये याला 'दोन यशस्वी डिटेक्शन' म्हणतात!

हे सगळं नुसतं बेअरिंगच्या आयुष्याचं असतं तर मी एवढा तापलो नसतो. कंपनीचे पैसे, कंपनी बघेल. पण घण चालवणाऱ्या माणसाचं काय?

बेअरिंगच्या कडीचं पोलाद साधारण ६० रॉकवेल कडक असतं. काचेसारखं म्हणा ना. घणाचं तोंडही कडक केलेलं. कडक गोष्ट कडक गोष्टीवर आपटली की कपची उडते, आणि ती बंदुकीतून सुटल्यासारखी सुटते. गेल्या गळीत हंगामात एका साखर कारखान्यात आमचे सेन्सर लावायला गेलो होतो, तिथल्या फिटरमामांनी मला शर्टाची बाही वर करून दाखवलं. कोपराच्या खाली कातडीत एक काळसर ठिपका. "अजून आत हाय त्यो तुकडा. डाक्टर म्हनला, राहू दे, तरास दिला तर काढू." आणि मग अगदी सहज, "हेल्परच्या डोळ्यात गेला न्हाई, नशीब म्हनायचं. त्यो माझ्या मागंच हुबा हुता."

मी त्यांना माझं पुस्तकी ज्ञान ऐकवलं, की मामा, घण मारायचा नसतो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बास. "सायेब, मारायचा नसतो ह्ये आमास्नी ठावं न्हाई व्हय? हीटर मागून चार वर्सं झाली. परचेसला इचारा."

विचारलं. परचेसचं उत्तर होतं की हीटर 'कॅपिटल आयटम' आहे, त्याला मीटिंगमध्ये मंजुरी लागते. आणि बेअरिंग? ते 'कन्झ्युमेबल' आहे, त्याला लागत नाही. म्हणजे एका हंगामात एकाच पंख्याची तीन बेअरिंगं घेता येतात, कोणी काही विचारत नाही, पण ती वाचवणारं यंत्र घ्यायला संचालक मंडळ लागतं. आणि आमचा डॅशबोर्ड? त्याला मंजुरी पंधरा दिवसांत मिळाली होती. डिजिटल होता ना.

डोळ्यांच्या संरक्षणासाठी १९४८ च्या कारखाने कायद्यात स्वतंत्र कलमच घातलं होतं, पस्तिसावं. उडणाऱ्या कणांचा त्यात चक्क उल्लेख होता. म्हणजे स्वातंत्र्यानंतर एका वर्षात ज्यांनी कायदा लिहिला त्यांना हे कळत होतं. आणि त्या कारखान्यात चष्मे होते, बरं का. स्टोअरमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत, ऑडिटसाठी जपून ठेवलेले.

कपची हा एकच धोका नाही. स्फेरिकल रोलर बेअरिंगची आतली कडी गोलाकार पृष्ठभागावर डुलते, तोच तर तिचा गुण. पण चेन ब्लॉकने उचलताना ती रोलरसकट वळते, आणि कोणाचं बोट मध्ये असेल तर ते तिथेच राहतं. म्हणून उचलायच्या आधी कड्या एकमेकींना पट्ट्यांनी बांधायच्या. दुसरं, धुतलेलं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवायची हौस. आवाज भारी येतो खरा. पण बिनतेलाचं, बिनलोडचं बेअरिंग तसं फिरवलं तर रोलर सुटून अंगावर येऊ शकतो. तिसरं, निमुळत्या सीटवरून तेलाच्या दाबाने बेअरिंग काढताना ते सुटतं तेव्हा हळू सुटत नाही, धाडकन उडतं. म्हणून नट पूर्ण काढायचा नाही, काही आटे ढिला करून तिथेच ठेवायचा, म्हणजे उडालेलं बेअरिंग नटावर आपटेल, माणसाच्या छातीवर नाही. आणि चौथं, आयडी फॅन. स्विच बंद केला, कुलूप घातलं, तरी चिमणीच्या ओढीने तो हळूहळू फिरत राहतो. रोटरला अडकण घातल्याशिवाय त्याच्या शाफ्टला हात लावायचा नाही. यातली एकही गोष्ट माझ्या डॅशबोर्डवर दिसत नाही. तिथे बोटांसाठी कॉलम नाही.

आता उलट बाजू. मला नेहमी ऐकवलं जातं, "अरे, आमच्याकडे तीस वर्षं असंच बसवतात, चालतंय की." चालतंय कारण मूळ डिझाईनमध्ये भरपूर पदर ठेवलेला आहे, आणि तुम्ही मोजतच नाही. बेअरिंग गेलं की तीन ठरलेली वाक्यं असतात: 'माल ड्युप्लिकेट होता', 'ग्रीस बरोबर नव्हतं', 'फिटर नवीन होता'. ड्युप्लिकेट माल बाजारात आहे, नाही म्हणत नाही. पण एसकेएफ वर्षानुवर्षं सांगत आलीय की अवेळी जाणाऱ्या बेअरिंगांपैकी साधारण १६ टक्के बसवण्यातल्या चुकीने जातात. कंपनीला बेअरिंग विकायचीच असतात, तरी ती हे सांगते. आणि हा आकडा जगभराचा, जिथे हीटर आणि गेज असतात तिथलाही धरून. आपल्या शेडमधला किती असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

दुसरा युक्तिवाद जास्त प्रामाणिक आहे: "हंगामात वेळ कुठे असतो?" हे खरं आहे. गव्हाण थांबली की बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते, ऊस वाळतो, उतारा पडतो, शेतकरी शिव्या घालतो. चार तासांत मशीन चालू हवं. पण मग सांगा, टॉर्च शोधा, पिंप तापवा, अडकलं की ठोका, पुन्हा काढा, यात वाचतो कुठला वेळ? हीटरवर एवढं बेअरिंग काही मिनिटांत तयार होतं. घाईसाठीच तर हीटर हवा. आणि ऑफ-सीझनचे पाच-सहा महिने काय करतो आपण? बेअरिंगची खोकी महिनाभर आधी उघडून ठेवतो, बगॅसच्या भुशात! 'तयारी' म्हणून. कागद चढवायच्या क्षणापर्यंत फाडायचा नसतो, आतलं संरक्षक तेल पुसायचं नसतं, घामेजल्या बोटांचे ठसेसुद्धा गंजतात. हे बेअरिंगच्या प्रत्येक कॅटलॉगमध्ये छापलेलं असतं. कॅटलॉग कुठे असतो? चीफ इंजिनिअरच्या काचेच्या कपाटात, चष्म्यांसारखाच.

आणि जरा आपल्या शिक्षणाबद्दल. मी मेकॅनिकलचा. भंडारी सरांचं मशीन डिझाईनचं पुस्तक उशाला घेऊन झोपलोय. बेअरिंगचं आयुष्य काढायचं सूत्र आजही झोपेत म्हणून दाखवीन, भारक्षमता भागिले भार, घात दहा तृतीयांश. पेपरात त्यावर हमखास गणित. चार वर्षांत एकदाही, एकाही प्रॅक्टिकलला, कोणी माझ्या हातात बेअरिंग आणि शाफ्ट देऊन 'बसव' म्हटलं नाही. ते काम आयटीआयवाल्याचं. म्हणजे सूत्र आपलं, घण त्याचा, आणि बेअरिंग गेलं की 'अनस्किल्ड लेबर' हा शिक्का मारायला पुन्हा आपण. तो मामा माझ्यापेक्षा बेअरिंग जास्त ओळखतो. नुसता कान लावून त्याने मला कुठल्या बाजूचं जाणार ते सांगितलं होतं, आमच्या सेन्सरच्या आधी दोन दिवस. त्याला ज्ञान नको आहे, हत्यारं हवी आहेत. जुगाडाचं कौतुक करणाऱ्यांना मला हेच विचारायचंय, की हत्यार न देता माणसाकडून काम काढून घेण्याला तुम्ही कौतुकाचं नाव का देता?

असो. परवा नव्या कारखान्यासाठी प्रपोजल बनवायला घेतलं. त्यात सेन्सरच्या यादीच्या वर मी चार ओळी घातल्या: इंडक्शन हीटर एक, फिलर गेज दोन, माउंटिंग स्लीव्हचा संच एक, आणि प्रत्येक बेअरिंगची आधीची व नंतरची मोकळी जागा लिहिलेला कागद, फिटरच्या सहीचा. हे नसेल तर सेन्सर लावणार नाही. सेल्सवाल्याने त्या चारही ओळी लाल करून परत पाठवल्या, खाली 'स्कोपबाहेर' अशी कॉमेंट. मी त्या पुन्हा घातल्यात, या वेळी बोल्डमध्ये. सोमवारी अकराला मीटिंग आहे.